हद्दीपलीकडचे गिऱ्हाईक

ज्यांच्या घरी ऊस होता त्यांना झोनबंदीचे दिवस आठवत असतील. शेजारच्या कारखान्याचे धुराडे आपल्या बांधावरून दिसायचे, तिथला भाव चढा असायचा, पण आपला ऊस तिकडे घालायची सोय नव्हती. कापसाचेही तेच. १९७२ पासून एकाधिकार खरेदी आली आणि विदर्भातल्या सीमेवरच्या शेतकऱ्याला पलीकडच्या राज्यातला बाजार नुसता बघायचा राहिला. कापूस चोरून हद्दीपार जायचा आणि सापडला तर पिकवणाराच चोर ठरायचा.

माल आपला, गिऱ्हाईक घ्यायला तयार, आणि मध्ये सरकारची आडकाठी. हा प्रकार आपल्याच नशिबी आहे असे आपल्याला वाटते. पण अमेरिकेतल्या द्राक्षबागायतदारांनीही तो पुष्कळ वर्षे सोसला, आणि त्यातून सुटण्यासाठी त्यांना थेट सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. त्या खटल्याची ही हकीकत.

आधी एक सांगून टाकतो. हा विषय वाइनचा आहे, म्हणजे द्राक्षाच्या दारूचा. आपल्या वाचकांत अशी कितीतरी घरे आहेत, जिथे दारूने चुलीवरचे भांडे रिकामे केले. गावातले दुकान बंद व्हावे म्हणून आडव्या बाटलीला मत देणाऱ्या आयाबहिणीही हे पान वाचतात. त्यांना हा विषय रुचणार नाही हे जाणून आहे. पण त्यांच्या बाजूचे म्हणणे त्या खटल्यातही मांडले गेले होते, नऊपैकी चार न्यायमूर्तींना ते पटलेही होते. तेही इथे सांगायचे आहे.

व्हर्जिनिया हे अमेरिकेच्या पूर्वेकडचे राज्य. राजधानी वॉशिंग्टनपासून पश्चिमेला साठ-सत्तर किलोमीटरवर मिडलबर्ग नावाचे छोटे गाव आहे. तिथे जुआनिता स्वीडनबर्ग आणि त्यांचे पती यांनी उतारवयात द्राक्षाचा मळा लावला. द्राक्षे स्वतःची, आंबवणे स्वतःचे, बाटल्या भरणेही घरचेच. तिकडे हिवाळ्यात वेल सुप्तावस्थेत जातो, त्यामुळे छाटणी वर्षातून एकदाच. आपल्यासारखी एप्रिलची खरडछाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशी दुहेरी कसरत नाही. पण फुटव्याच्या वेळी पडणारी थंडी आणि दमट उन्हाळ्यातला भुरी-केवडा यांनी व्हर्जिनियाचा बागायतदारही हैराण होतो. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षे लागतात. लाकडी पिंप सव्वादोनशे लिटरचे असते, त्यातून तीनशे बाटल्या निघतात. अशा मळ्याचा हिशेब पिंपांवर चालतो, टँकरवर नाही.

विक्री कशी, तर मळ्यातच. शनिवार-रविवारी शहरातली माणसे गाडी काढून येत, बाग बघत, वाइन चाखत आणि जाताना दोन-चार बाटल्या घेऊन जात. त्यांत न्यूयॉर्ककडचेही असत. परत गेल्यावर त्यांना तीच वाइन पुन्हा हवी असे, आणि घरी पाठवाल का, अशी विचारणा होई. जुआनिताबाईंना नाही म्हणावे लागे. न्यूयॉर्कच्या कायद्याने व्हर्जिनियातून तिथल्या घरी बाटली पाठवायला बंदी होती. मात्र न्यूयॉर्कातल्याच एखाद्या मळ्याने हीच विचारणा ऐकली असती तर त्याला खुशाल खोके पाठवता आले असते. खरे दुखणे ते होते. बंदी सगळ्यांना सारखी असती तर बाईंना कोर्टात जायला आधारच नव्हता.

ही बंदी आली कुठून

अमेरिकेने १९२० मध्ये अख्ख्या देशात दारूबंदी केली. त्यासाठी राज्यघटना बदलली, ती अठरावी घटनादुरुस्ती. तेरा वर्षांत चोरटी दारू, गुंडांच्या टोळ्या आणि पोलिसांची हप्तेबाजी एवढी माजली, की १९३३ मध्ये एकविसावी घटनादुरुस्ती करून ती बंदी उठवावी लागली. उठवताना मात्र एक कलम घातले. एखाद्या राज्याच्या कायद्याविरुद्ध त्या राज्यात दारू आणता येणार नाही, असा त्याचा अर्थ. म्हणजे ज्याला आपल्या राज्यात दारू नको त्याने ती ठेवू नये, ज्याला हवी त्याने आपल्या रीतीने चालवावी.

मग बहुतेक राज्यांनी तीन पायऱ्यांची रीत बसवली. बनवणारा एक, ठोक व्यापारी दुसरा, किरकोळ दुकानदार तिसरा. बनवणाऱ्याने ठोकवाल्यालाच विकायचे, ठोकवाल्याने दुकानदाराला, दुकानदाराने गिऱ्हाईकाला. यामागचा हेतू वाईट नव्हता. दारूबंदीच्या आधी मोठमोठे कारखानदार गुत्तेवाल्यांना पैसे पुरवून आपल्या मुठीत ठेवत आणि जास्तीत जास्त दारू खपवायला लावत. ती साखळी तोडायची होती. शिवाय मधला व्यापारी सरकारच्या नजरेत राहिला की कर वसूल करणे सोपे.

पन्नास वर्षांत मात्र दोन गोष्टी उलट्या दिशेने वाढत गेल्या. एकीकडे छोटे मळेवाले वाढले. २००५ च्या निकालपत्रात न्यायालयाने नोंदवले, की देशात तीन हजारांहून अधिक वायनऱ्या आहेत आणि तीस वर्षांपूर्वीच्या तिपटीहून ही संख्या जास्त आहे. दुसरीकडे ठोक व्यापारी कमी होत गेले. १९८४ मध्ये परवानाधारक ठोकवाले १,६०० होते, ते २००२ मध्ये ६०० उरले. बाजार समितीत अडत्यांची दुकाने कमी झाली आणि माल आणणारे तिप्पट झाले, तर काय होईल हे शेतकऱ्याला सांगायला नको. ज्याच्याकडे वर्षाला हजारो खोकी आहेत त्याचा माल आधी उचलला जातो. तीन-चारशे खोकीवाला दारात उभा राहतो.

कॅलिफोर्नियातली एक छोटी वायनरी या खटल्यात होती. मिशिगन राज्यातली गिऱ्हाइके तिच्याकडे वाइन मागत होती. तिथला ठोक व्यापारी मिळाला असता तरी त्याची टक्केवारी भरल्यावर हातात काही उरत नव्हते, असे तिचे म्हणणे होते. त्याच वेळी मिशिगनमधल्या चाळीसएक वायनऱ्यांना मात्र आपल्या राज्यातल्या गिऱ्हाइकाला घरपोच माल पाठवता येत होता.

न्यूयॉर्कचीही एक बाजू आहे. तिथे फिंगर लेक्स नावाच्या सरोवरांच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षे होतात. सत्तरच्या दशकात तिथल्या बागायतदारांची द्राक्षे घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी हात आखडते घेतले. डोळ्यांदेखत बागा तोट्यात जाऊ लागल्या. तेव्हा १९७६ मध्ये राज्याने खास कायदा केला: शेतकऱ्याने आपल्याच द्राक्षांची वाइन करावी आणि थेट गिऱ्हाइकाला विकावी. तोवर अख्ख्या राज्यात वायनऱ्या वीसच्या आत होत्या. त्या कायद्याने कितीतरी कुटुंबांची जमीन वाचली. घरच्या लेकराला आधी वाढावे, ही न्यूयॉर्कची भावना होती. पण शेजारच्या लेकराचे ताट काढून घेणे हा त्याच भावनेचा दुसरा भाग झाला. परराज्यातल्या मळेवाल्याला थेट विकायचे तर न्यूयॉर्कात शाखा उघड, गोदाम घे, माणूस ठेव, अशी अट होती. तीनशे खोक्यांसाठी परमुलखात गोदाम कोण घेणार? एकाही बाहेरच्या वायनरीने ती सवलत घेतलेली नाही, हे न्यायालयाने पुढे निकालातच लिहिले आणि त्यात नवल नाही असेही म्हटले.

काही राज्ये तर याहून पुढे गेली होती. परराज्यातून थेट वाइन पाठवणे हा तिथे फौजदारी गुन्हा होता. उलट काही राज्यांनी तुम्ही आमची येऊ द्या, आम्ही तुमची येऊ देतो, असा साटेलोट्याचा करार केला होता. एकाच देशात पन्नास हद्दी आणि प्रत्येक हद्दीवर वेगळे फाटक.

कोर्टाची वाट

२००० साली जुआनिताबाई आणि कॅलिफोर्नियाच्या लोडाय भागातले बागायतदार डेव्हिड लुकास यांनी न्यूयॉर्कच्या कायद्याविरुद्ध दावा लावला. त्यांचे वकीलपत्र क्लिंट बोलिक यांनी घेतले, जे पुढे ॲरिझोना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. मिशिगनमधला दावा वेगळा होता. तिथे गिऱ्हाइकेच फिर्यादी झाली, त्यांत वाइनवर लिहिणारे एक दांपत्य होते. कॅलिफोर्नियाची ती छोटी वायनरी त्यांच्या बाजूने उभी राहिली. बागायतदार आणि गिऱ्हाईक एका बाकावर बसलेले आपल्याकडे क्वचितच दिसतात.

खालच्या कोर्टांत चक्रावून टाकणारा खेळ झाला. न्यूयॉर्कच्या दाव्यात जुआनिताबाई आधी जिंकल्या आणि २००४ मध्ये अपिलात हरल्या. मिशिगनच्या दाव्यात उलटे झाले, आधी हार आणि २००३ मध्ये अपिलात जीत. एकाच प्रश्नावर दोन अपील न्यायालये दोन तोंडांनी बोलली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही प्रकरणे एकत्र ऐकायला घेतली. मिशिगनच्या तेव्हाच्या गव्हर्नर जेनिफर ग्रॅनहोम यांच्या नावावरून हा खटला ‘ग्रॅनहोम विरुद्ध हील्ड’ म्हणून ओळखला जातो. ७ डिसेंबर २००४ रोजी सुनावणी झाली.

राज्यांचे म्हणणे दोन मुद्द्यांचे होते. घरपोच वाइन येऊ लागली तर शाळकरी पोरेही मागवतील, आणि परराज्यातला मळेवाला आमचा कर बुडवेल. दोन्ही भीती खोट्या म्हणता येणार नाहीत. घरात वाढते वय असलेली मुले आहेत त्या कोणत्याही आईने पहिला प्रश्न हाच विचारला असता. न्यायालयाने तो टाळला नाही. केंद्राच्या व्यापार आयोगाने २००३ मध्ये या विषयाचा अभ्यास केला होता. तेव्हा २६ राज्यांत थेट वाइन पाठवायला परवानगी होती आणि त्यामुळे अल्पवयीनांची तक्रार वाढल्याचे त्यांनी कळवले नव्हते. शिवाय खोके मिशिगनमधल्या वायनरीतून आले तरी पोरगा ते घेऊ शकतो, मग धोका फक्त बाहेरच्या खोक्यातच कसा? कराचेही तसेच. परवाना देताना कर भरायची अट घाला, विवरणपत्र मागवा, नाही भरला तर परवाना काढून घ्या.

१६ मे २००५ रोजी निकाल आला. पाच विरुद्ध चार. न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी बहुमताचा निकाल लिहिला. दारूवर नियंत्रण ठेवायचा राज्याचा अधिकार त्यांनी मान्य केला. तीन पायऱ्यांची रीतही बेकायदा ठरवली नाही. त्यांनी एवढेच सांगितले, की आपल्या मळ्याला एक नियम आणि परक्या मळ्याला दुसरा, असे चालणार नाही. थेट विक्री द्यायची तर दोघांना द्या, बंद करायची तर दोघांची करा.

आता विरोधी मत. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांचे म्हणणे होते, की १९३३ च्या दुरुस्तीचे शब्द स्वच्छ आहेत आणि दारूच्या बाबतीत आपल्या हद्दीत काय यावे हे राज्यानेच ठरवायचे आहे. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी आणखी एक गोष्ट मांडली. त्यांचा जन्मच १९२० चा, म्हणजे दारूबंदी सुरू झाली त्या सालचा. ज्या पिढीने बंदी आणली आणि ज्या पिढीने ती उठवली, त्या दोघींनाही दारू ही इतर मालासारखी वस्तू वाटत नव्हती, म्हणून तिला घटनेत वेगळी जागा दिली, असे त्यांचे म्हणणे. मला हे मत वाचताना आपल्याकडच्या जुन्या सर्वोदयी कार्यकर्त्यांची आठवण झाली. गहू आणि दारू एका तागडीत घालू नका, हेच ते सांगत. पण न्यूयॉर्क काही दारू रोखत नव्हते. स्वतःच्या मळ्यांची घरपोच विक्री चालू ठेवून ते शेजाऱ्याची रोखत होते. म्हणून इथे बहुमताचे म्हणणे मला जास्त पटते.

निकालानंतर

दोघांना बंद करा, हाही मार्ग निकालाने मोकळा ठेवला होता. तसे झाले असते तर जुआनिताबाईंना काही न मिळता न्यूयॉर्कच्या शेतकऱ्याचे मात्र गेले असते. जिंकलेला खटला आणि रिकामे हात. पण दोन्ही राज्यांनी आपल्या बागायतदारांची विक्री तोडायचे धाडस केले नाही. न्यूयॉर्कने २००५ च्या उन्हाळ्यातच कायदा बदलला. बाहेरच्या वायनरीने परवाना घ्यावा, एका गिऱ्हाइकाला वर्षाला ३६ खोक्यांपर्यंत पाठवावे. मिशिगननेही वर्ष संपायच्या आत दार उघडले, मात्र एका वायनरीला वर्षाला दीड हजार खोक्यांची मर्यादा घातली. खोके म्हणजे बारा बाटल्या, नऊ लिटर.

सगळेच असे सरळ वागले नाहीत. मॅसॅच्युसेट्स राज्याने २००६ मध्ये नवी शक्कल काढली. कायद्यात आपला-परका हा शब्दच ठेवला नाही. लहान आणि मोठी वायनरी असा भेद केला आणि रेघ ३०,००० गॅलनवर, म्हणजे सुमारे १ लाख १३ हजार लिटरवर ओढली. लहानाला सगळ्या वाटा मोकळ्या. मोठ्याने थेट विकावे किंवा ठोकवाल्यामार्फत, दोन्ही नाही. वरवर पाहता लहान शेतकऱ्याची कड घेणारा कायदा! पण त्या राज्यातल्या झाडून सगळ्या वायनऱ्या रेघेच्या आत बसत होत्या. २०१० मध्ये अपील न्यायालयाने ही रेघ पुसली. तरी तिथे बाहेरची वाइन घरपोच यायला जानेवारी २०१५ उजाडावे लागले.

हाच न्याय पुढे दुकानदारांपर्यंत पोहोचला. टेनेसी राज्यात दारूच्या दुकानाचा परवाना हवा तर आधी दोन वर्षे तिथे राहिलेले असावे लागे. परराज्यातून आलेल्या एका जोडप्याला ती अट आडवी आली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ती रद्द केली.

आज अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत छोट्या मळ्याला थेट गिऱ्हाइकाकडे वाइन पाठवता येते. फुकट मात्र काही नाही. प्रत्येक राज्याचा परवाना निराळा, शुल्क निराळे, कराचे विवरणपत्र निराळे. वीस राज्यांत माल पाठवणाऱ्या घरात एक माणूस नुसता कागद भरायला लागतो. सरकारी टपाल खाते दारूचे पार्सल घेत नाही, खासगी कुरिअरच करावे लागते. खोक्यावर आत दारू आहे असे लिहायचे, आणि घेणारा २१ वर्षांचा आहे याची खात्री करून सही घेतल्याशिवाय खोके द्यायचे नाही. सही करायला घरी कोणी प्रौढ नसेल तर खोके परत फिरते.

जुआनिताबाई २००७ मध्ये वारल्या. म्हातारपणी लावलेल्या मळ्यापायी त्या पाच वर्षे कोर्टात झगडल्या आणि निकाल त्यांना बघायला मिळाला.

हे वाचून नाशिककडच्या मंडळींच्या मनात प्रश्न उठला असेल. महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाइन पार्क उभे राहिले. बऱ्याच बागायतदारांनी थॉमसन काढून वाइनची जात लावली. २००९ च्या सुमाराला मंदीचा तडाखा बसला, वायनऱ्यांनी द्राक्षे उचलली नाहीत आणि अनेकांनी त्याच बागांवर कुऱ्हाड चालवली. खपाचा रस्ता अरुंद असला की असे होते. नाशिकची बाटली दुसऱ्या राज्यात जायची तर त्या राज्याचा परवाना, लेबलची नोंदणी, शुल्क आणि कर हे सगळे पुन्हा पहिल्यापासून. ही ओझी मोठ्या कंपनीला पेलतात. दोन पिंपांच्या मालकाला पेलत नाहीत. आणि एकतर्फी बोलायला नको, म्हणून हेही नमूद करतो: आपल्या राज्यानेही व्हॅटचा मोठा भाग परत देण्याची योजना राबवली, ती इथल्याच उत्पादकांसाठी. कर्नाटकच्या बागायतदाराने आपल्याकडे बोट दाखवले तर त्याला काय उत्तर द्यायचे?

आपल्या घटनेतही न्यूयॉर्कच्या खटल्यासारखी वाक्ये आहेत. कलम ३०४ म्हणते, की परराज्यातून आलेल्या मालावर कर लावताना आपल्या मालाशी भेदभाव करू नये. राज्यसूचीतली ५१ वी नोंद म्हणते, की बाहेरच्या दारूवरचे शुल्क आपल्या दारूइतके किंवा त्याहून कमी असावे. पण आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यात सांगून ठेवले आहे, की दारूचा धंदा करण्याचा मूलभूत हक्क कोणाला नाही. राज्याला वाटले तर ते तो पूर्ण बंद करू शकते. त्यामुळे इथे कोर्टाची पायरी चढणाऱ्याची वाट जुआनिताबाईंपेक्षा खडतर आहे. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवायची परवानगी द्यायचे आपल्या मंत्रिमंडळाने ठरवले, तेव्हा केवढा विरोध झाला आणि तो निर्णय कसा अडकला, हे सर्वांनी पाहिलेच आहे.

तोवर नाशिकच्या छोट्या वायनरीवाल्याची भिस्त मळ्याच्या फाटकाशी येणाऱ्या पाहुण्यावर. तो गुजरातचा असेल तर तिथे दारूबंदी आहे, हैदराबादचा असेल तर वाटेत हद्दी आहेत. गाडीत किती बाटल्या घालून कोणत्या नाक्यापर्यंत जाता येते, हे त्याने बाटली उचलण्याआधीच विचारून घेतलेले बरे.